तुलनेचा पट्टा

माझे वडील आयुष्यभर हट्टा गावात दुसऱ्याच्या वावरात सालगडी होते आणि मी मातीची शास्त्रज्ञ झाले. आमच्या घरात कुणाच्या नावावर ओंजळभर जमीन नव्हती. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "लोक तुला त्यांच्या वावरात पाय ठेवू देतील का?" लोकांनी पाय ठेवू दिला. बांधावर खुर्ची टाकली, चहा दिला, मी बोलले ते डायरीत उतरवून घेतलं. मान मिळाला की माझं डोकं जरा हवेत जातं, हे माझ्या बहिणीला माहीत आहे आणि कार्यालयातल्या शिपायालाही. पुढं जे झालं त्यात माझ्या या खोडीचा वाटा मोठा आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

साखरा गावच्या शिवारात, तांड्याला लागून असलेल्या एका कोरडवाहू वावरात माझा प्रयोग चालू होता. वावर एका बंजारा बाईचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलं पुण्याकडं कंपनीत, त्यामुळे वावर, चार शेळ्या आणि हुकूम सगळं तिचं एकटीचं. तांड्यावर आईला याडी म्हणतात. सगळं गाव तिला याडी म्हणायचं, मीही म्हणू लागले.

प्रयोग अगदी साधा होता. वावराचे दोन पट्टे केले. पहिल्या पट्ट्यात पिकांची फेरपालट करायची. एक साल ज्वारी आणि तूर, पुढच्या साली सोयाबीन आणि त्यावर हरभरा. मधे खतासाठी ताग पेरून हिरवाच गाडायचा, शेणखत घालायचं, काडीकचरा जाळायचा नाही. दुसऱ्या पट्ट्यात मात्र दर साल सोयाबीनच, आणि खत फक्त पोत्यातलं. शेणखताचं एक टोपलंही नाही. म्हणजे सगळा जिल्हा करतो तसंच. या दुसऱ्याला आम्ही तुलनेचा पट्टा म्हणतो. पहिला पट्टा सुधारला हे सांगायचं तर दुसरा बिघडलेला दाखवावा लागतो. दर मे महिन्याच्या शेवटी जाऊन तिथली माती घ्यायची आणि पट्टा किती खंगला ते बघायचं, हे माझं काम. खरं सांगायचं तर मी त्याच्या खंगण्याची वाट बघत होते.

याडीला हे मी पहिल्याच वर्षी समजावलं. म्हटलं, या पट्ट्याला काही द्यायचं नाही.

"काहून वो म्याडम? त्यानं काय केलं?"

"त्यानं काही केलं नाही. न देता काय होतं ते आपल्याला बघायचंय."

"मरते," याडी म्हणाली. "त्याच्यात बघायचं काय?"

मी ते हसण्यावारी नेलं. शेतकरी असं काहीतरी बोलतातच, असं त्या वेळी मला वाटायचं.

पहिली तीन वर्षं सगळं ठरल्याप्रमाणं चाललं. तुलनेच्या पट्ट्यातलं सोयाबीन पिवळं पडायचं, ढेकळं हातानं फुटायची नाहीत. मी तिथं उभी राहून कपाळाला आठ्या घालून टिपणं काढायची. चौथ्या वर्षी मात्र घसरण थांबली. पाचव्या वर्षी माती सुधारल्यासारखी दिसली. सहाव्या वर्षी मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारा, ज्याच्यावर मातीचा जीव असतो तो अंश, दोन्ही पट्ट्यांत जवळजवळ सारखी निघाली. मी चाचणी पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. आकडा हलेना.

आधी चिडचिड झाली. मग हळूहळू आनंद व्हायला लागला. फेरपालट चांगली हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यात नवं काय? पण आपली काळी भारी जमीन दर साल सोयाबीन घेऊनही टिकून राहते, असं कुणी दाखवलं नव्हतं. मी कारणंही शोधून काढली. सोयाबीनचा पाला गळतो, मुळ्यांवरच्या गाठी नत्र धरतात, चिकण माती कर्ब सोडत नाही. कारणं खोटी नव्हती. माणसाला हवं ते सिद्ध करायचं असलं की खरी कारणंही मदतीला धावून येतात. माझा शोधनिबंध छापून आला आणि सेनगावला खरिपाच्या आधीच्या शेतकरी मेळाव्यात मला मंचावर बोलावणं आलं.

त्या दिवशी मी छान बोलले. समोर दोन-तीनशे माणसं, बहुतेक टोपीवाली, आणि सगळी गप्प बसून ऐकत होती. सालगड्याची मुलगी बोलतेय आणि जमीनदार लिहून घेतायत, हे माझ्या मनात येत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. चांगलंच येत होतं.

बोलून झाल्यावर एक गृहस्थ उभे राहिले. मी त्यांना ओळखत होते. याडीच्या वावराला लागून त्यांचं वावर, मधे फक्त बांध. साठी उलटलेली, बोलणं कमी. आख्ख्या शिवारात बैल ठेवणारे आणि ज्वारी, तूर, मूग असं आलटून पालटून पेरणारे ते एकटेच उरले होते. ज्वारीचं बीही घरचं, वडिलांच्या काळापासून कणगीत राखेत ठेवलेलं. लोक त्यांना मागच्या जन्मातला माणूस म्हणून चिडवायचे. मी त्यांना मामा म्हणायची.

"म्याडम, पोरं माह्या मागं लागलेत," ते म्हणाले. "बैल इका म्हनतेत, समदं सोयाबीन करा म्हनतेत. तुमी सांगाल तसं करतो. माहं वावर मरंल का?"

सगळी माणसं मान वळवून माझ्याकडं बघू लागली. मी माईक जवळ घेतला.

"नाही मरणार, मामा. सहा वर्षं तुमच्या बांधालाच लागून बघते आहे मी. खुशाल करा."

"बराबर," ते म्हणाले आणि खाली बसले. सहा वर्षांत मी त्यांच्या वावरात एकदाही उतरले नव्हते. बांधावरूनच बघत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मामांनी त्याच महिन्यात बैल विकले. बैल गेल्यावर शेण गेलं, आणि ट्रॅक्टरची नांगरट आली. तणनाशक आलं. मामांनी सोडलं म्हटल्यावर जे दोघं-चौघं अजून थोडी तूर, थोडा मूग धरून होते त्यांनीही सोडलं. माझ्या भाषणाचा कागद खतबियाणाच्या दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला मी स्वतः बघितला. दोन वर्षांत त्या शिवारात पावसाळ्यात उभं राहिलं की चहूकडं एकच हिरवा रंग दिसायचा.

त्याच काळात आमच्याकडं जमिनीतून आवाज यायला लागले होते. आमच्या भागात ते अधूनमधून येतातच. खालून काहीतरी गडगडत गेल्यासारखं होतं, भांडी थरथरतात, माणसं चपला न घालता बाहेर येतात. मी मातीची बाई म्हणून लोक मला विचारायचे, "म्याडम, खाली काय चालू राहिलं?" मी सांगायची, तो खोल खडकाचा विषय आहे, माझा नाही. माझी माती वरची वीतभर. खाली काय चाललंय याची सगळ्यांना धास्ती होती. वरच्या वीतभर मातीबद्दल मात्र मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही कुणाला काही विचारलं नाही.

पहिली खूण मला बगळ्यांनी दाखवली. नांगर चालला की मागून बगळे येतात, वर आलेले किडे आणि गांडुळं टिपतात. त्या उन्हाळ्यात याडीच्या वावरात नांगराच्या मागं पांढरी रांग चालत होती. थोड्या वेळानं तोच ट्रॅक्टर मामांच्या वावरात गेला. बगळे बांधापर्यंत आले आणि बांधावरच थांबले. मी बराच वेळ बघत होते. एकही पलीकडं उतरला नाही. मला ते आवडलं नाही, पण टिपणवहीत बगळ्यांसाठी रकाना नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात मामांच्या वावरात पाणी साचून राहायला लागलं. सोयाबीन फुलावर आल्यावर जागोजागी वाळायचं, जणू कुणी एकेक झाड निवडून वरून दाबलंय. मी पहिल्यांदाच त्यांच्या वावरात उतरले आणि झाड उपटलं. ते विनासायास हातात आलं. मूळ काळं पडलेलं, बोटानं दाबलं तर साल निघून येत होती. मूळकूज सगळीकडं असते, असं मी त्यांना म्हणाले. औषध सांगितलं. ते बरं म्हणाले. मातीचा वास घेऊन बघितला, तर वास नव्हता. चांगला वास नाही आणि वाईटही नाही. घरी येईपर्यंत मी तेच आठवत होते.

तिसऱ्या वर्षी मी एक साधी परीक्षा करायचं ठरवलं. कोऱ्या सुती कापडाचे तुकडे वीतभर खोल पुरायचे आणि दोन महिन्यांनी उकरायचे. माती जिवंत असली तर त्यातले जीव कापड खाऊन टाकतात. पण मामांच्या बायकोनं मला पांढरं कापड पुरताना बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. आमच्या भागात वावरात असं कफनासारखं पांढरं कापड पुरलं तर लोकांना करणीची भीती वाटते. "म्याडम, लाल कापड न्हाई का?" तिनं हळूच विचारलं. मी तिला शास्त्र समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि जाताना त्या जागेला लांबून वळसा घातला.

दोन महिन्यांनी उकरलं. याडीच्या पहिल्या पट्ट्यातल्या कापडाच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. तुलनेच्या पट्ट्यातही चिंध्या. मामांच्या वावरातलं कापड मी झटकलं, तर ते जसं घातलं होतं तसं बाहेर आलं. कडाही शाबूत. मामांची बायको बांधावर उभी होती. ती पदर तोंडाशी धरून घराकडं निघून गेली.

इथंच घोडं पेंड खात होतं. याडीचा तुलनेचा पट्टा आणि मामांचं वावर, माती एकच, पीक एकच, पोत्यातलं खत एकच. मग एक जिवंत का आणि एक मेलेलं का? माझ्या निबंधाप्रमाणं दोन्ही सारखीच निघायला हवी होती. सगळा हिवाळा मी हा प्रश्न कुणाला न सांगता घेऊन फिरत होते. घरात मी कुणाशी धड बोलत नव्हते. भीती वाटत होती, आणि ती कशाची हे मला चांगलं ठाऊक होतं.

मेमध्ये नेहमीसारखी माती आणली, सावलीत वाळवली, कुटली, चाळली. चाळणीत खडे, मुळ्या राहतात ते फेकायचे असतात. त्या दिवशी मी फेकले नाहीत, हातावर घेऊन बघितले. तुलनेच्या पट्ट्याच्या मातीत मेंढ्यांच्या लेंड्या होत्या, फुटलेल्या आणि सुकलेल्या. एखाददुसरी नव्हे, मूठभर. मग आठवलं की मागच्या वर्षीही होत्या, त्याच्या मागच्या वर्षीही. वाट चुकून कळप शिरला असेल, असं म्हणून मी त्या दर वर्षी खड्यांबरोबर केराच्या बादलीत टाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी याडीकडं गेले. ती अंगणात शेळीची धार काढत होती.

"याडी, माझ्या पट्ट्यात मेंढरं बसवली होती का?"

"व्हय की. दर साल बसवते." तिनं वरही बघितलं नाही. "धनगर येतेत उन्हाळ्यात. पायलीभर दाने देते, पाच-सात राती बसतेत. तुमी यायच्या आदी वखर मारून घेते, साफ दिसावं म्हनून."

उन्हाळ्यात धनगरांचा कळप वावरात बसवायची रीत जुनी आहे. मेंढ्यांच्या लेंड्या आणि मूत यांच्यासारखं खत नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं. वडील कळप बसवायला रात्रभर वावरात जागे राहायचे.

"मी सांगितलं होतं ना, त्याला काही द्यायचं नाही म्हणून?"

आता तिनं वर बघितलं. "म्याडम, तीन सालं बगितलं. तुमी यायच्या अन त्या पट्ट्यापाशी तोंड पाडून उभ्या राहायच्या. मला वाटलं, बाईचं नाव खराब व्हऊन राहिलं. घरी आलेल्या मानसाचं तोंड पडलं तर त्या घराची काय सोभा? अन एका मायची दोन लेकरं. एकाला जेवू घालावं अन दुसऱ्याला बगत बसवावं का? मंग झाला ना चांगला? गावात म्हनतेत, तुमचं छापून आलं."

तिचा चेहरा कौतुकानं भरलेला होता. तिनं मला वाचवलं होतं आणि त्याची पोच तिला हवी होती. मी म्हटलं, "हो याडी, चांगला झाला." तिनं कच्च्या दुधाचा चहा केला, मी तो प्यायले. पलीकडच्या वावराचं मी तिला काही सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

ही गोष्ट मामांना त्याच दिवशी सांगायला हवी होती. त्यांचं वावर बांधापलीकडंच होतं. पण मी गाडीत बसून कार्यालयात गेले. आधी वरिष्ठांना सांगावं, मग निबंध मागं घ्यावा, मग शेतकऱ्यांशी बोलावं, असा क्रम मी मनाशी लावला. पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. दुसऱ्या दिवशी बैठक होती. तिसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. मग पाऊस झाला. असे आठ दिवस गेले.

आठव्या दिवशी साखऱ्याला पोहोचले तेव्हा वाफसा आला होता, म्हणजे पेरायला हवी तेवढीच ओल जमिनीत होती. सगळ्या शिवारात ट्रॅक्टर सुरू होते. मामांच्या वावरात पेरणीयंत्र नुकतंच उभं राहिलं होतं, बांधावर सोयाबीनच्या पिशव्या रचलेल्या. मी चपला हातात घेऊन चिखलातून गेले आणि ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मग मामांना सगळं एका दमात सांगितलं. पट्टा, मेंढरं, माझं भाषण, माझी चूक.

त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"म्हंजी याडीच्या वावरात खत व्हतं."

"हो."

"अन माह्या वावरात न्हाई."

"नाही, मामा."

ते वावराकडं बघत राहिले. "परत येईल का?"

"येईल. पण वेळ लागेल. दहा वर्षं, बारा वर्षं. आत्तापासून फेरपालट केली तर." साठी उलटलेल्या माणसाला मी बारा वर्षं सांगत होते, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. घाईघाईनं म्हटलं, "यंदाच सुरू करू. तुमचं घरचं ज्वारीचं बी असेल ना?"

"ते गेलं. दोन सालं पेरलं न्हाई, पोरकिडं लागलं. कोंबड्यायला टाकलं. बापाच्या हातचं व्हतं."

"मी दुसरं आणते. ज्वारी, तूर, ताग, सगळं मी स्वतः आणून देते. आठ दिवस द्या मला. हे पेरू नका."

मामा वाकले, मूठभर माती उचलली, दाबली आणि सोडून दिली. "वाफसा दोन दिसाचा हाये, म्याडम. आठ दिसानं यंत्र भेटत न्हाई, अन ओलही ऱ्हात न्हाई." मग त्यांनी मान वर केली. आवाज शांत होता, त्यात कसलीही धार नव्हती. "तुमाला कवा कळलं हे?"

मी खोटं बोलू शकले असते.

"आठ दिवस झाले," मी म्हणाले.

मामांनी टॉवेलनं हात पुसले, एक पिशवी उचलून यंत्रात ओतली, मग दुसरी ओतली. ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता, कुणाचं ऐकायचं ते त्याला कळत नव्हतं. मामांनी त्याला हातानं खूण केली. मग माझ्याकडं वळून, घरच्या पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाले, "पुढल्या सालाला जे सांगायचं आसंल म्याडम, ते जरा पेरनीच्या आदी सांगत जा."

ट्रॅक्टर सुरू झाला. मी बी पडायच्या जागेवरच उभी होते, म्हणून बाजूला सरकले.